त्याला सांगा

म्हातारी माणसं चावतात, थुंकतात, अंगावर पाणी ओततात, आईवरून शिव्या देतात. माझा धंदाच पेशंट सांभाळायचा, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही आणि कुणावर मी डूखही धरलेला नाही. पण त्या बापलेकांवर धरला. कुणी म्हणेल, बाई, एवढा राग बरा नव्हे. ज्याला म्हणायचं असेल त्याने त्या घरात आठवडाभर राहून दाखवावं, मग माझ्याशी बोलावं.

आमच्या नर्सिंग ब्युरोने मला पाठवताना एवढंच सांगितलं होतं की गळ्याचा पेशंट आहे, गिळायला त्रास होतो, घरात बाईमाणूस नाही, मुलगा कामावर जातो, ड्यूटी दिवसाची. दार मुलानेच उघडलं. पंचेचाळिशीचा असेल, सडसडीत, हाताला ग्रीसचा वास. लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करायचा. लग्न झालेलं नव्हतं. आतल्या खोलीत वडील खुर्चीत बसले होते, गळ्याला मफलर, दाढी गुळगुळीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी आत गेले, हात धुतले, भाज्यांचं सूप मिक्सरमधून काढलं, त्यात दाटपणाची पावडर घातली, कारण अशा पेशंटला पातळ दिलं की ठसका लागून छातीत जातं. पहिला चमचा दिला. मुलगा तिथेच उभा होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

“बाई,” म्हातारा मला म्हणाला, “त्याला सांगा, सूप अळणी आहे.”

मला वाटलं, घरात आणखी कुणी असेल. मी दाराकडे बघितलं. “कुणाला सांगू, काका?”

“तो उभा आहे त्याला.”

मी मुलाकडे वळते न वळते तोच तो म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, मीठ डॉक्टरांनी कमी केलंय. बीपी आहे.”

“त्याला सांगा, डॉक्टर नाही पीत हे सूप. मी पितो.”

“त्यांना सांगा, नसेल प्यायचं तर ठेवा. फ्रिज आहे घरात.”

माझी मान इकडून तिकडे करून अवघडली. आणि गंमत अशी, की एकमेकांचं ऐकू येत असूनही मी मोठ्याने सांगितल्याशिवाय दोघांपैकी एकही पुढे सरकत नव्हता. म्हातारा डोळे मिटून वाट बघायचा. मी म्हटलं की, “काका, दादा म्हणतात फ्रिज आहे घरात,” मग कुठे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

हा त्यांचा अबोला. वर्षानुवर्षांचा, नीट जपलेला, घरातल्या जुन्या कपाटासारखा. कुणाला त्याची अडचण होत नव्हती, कारण मध्ये काकू होत्या, म्हणजे म्हाताऱ्याची बायको, मुलाची आई. सगळे निरोप त्या द्यायच्या. आता त्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ब्युरोकडून मी आले होते.

म्हातारा बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. सगळी नोकरी माईकसमोर काढली. गावात कुणी त्याचं तोंड ओळखत नसे, पण आवाज पोरासोरांनाही पाठ. स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर त्याला भोंगा म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं, आणि तो ते मला अभिमानाने सांगायचा. आजाराने आवाज खरखरीत झाला होता, तरी खोलीत बोलला की कपाटावरचे डबे हलतील असं वाटायचं. अशा माणसाच्या नेमक्या आवाजाच्या पेटीत गाठ निघाली होती.

आता माझं ऐका. आमच्या कामात एक शिस्त असते. पेशंट जे बोलला ते जसंच्या तसं पुढे सांगायचं. तो म्हणाला चमक मारते, तर नर्सला सांगायचं चमक मारते. दुखतंय असं म्हणायचं नाही. पदरचं घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही. मी ती शिस्त अंगात मुरवलेली बाई आहे. तेव्हा म्हाताऱ्याने म्हटलं, “त्याला सांगा, टॉवेल कुत्र्याला पुसायच्या लायकीचा आणलाय,” की मी मुलाला तेच सांगायची, कुत्र्यासकट. मुलाने म्हटलं, “त्यांना सांगा, नोकरी मिळवून देतो म्हणून जशी ऐट केली होती तशी टॉवेल मिळवून पण करा,” की मी तेही सांगायची, ऐटीसकट.

आठवड्याभरात घराचा आखाडा झाला. म्हातारा जेवण ढकलून द्यायला लागला, मुलगा दारं आपटायला लागला. एक दिवस म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, “ही होती तेव्हा तो असा उर्मट नव्हता.” आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगा म्हणाला, “आई सांगायची तेव्हा ते असे टाकून बोलत नसत.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकूंनी इतकी वर्षं एकही निरोप खरा दिलेला नव्हता. ‘टॉवेल कुत्र्याच्या लायकीचा आहे’ याचं त्यांनी ‘बाबा म्हणतात, टॉवेल जरा खरखरीत आहे रे’ केलं असणार. ‘फ्रिज आहे घरात’ याचं ‘तो म्हणतोय, मग थोड्या वेळाने घ्या’ केलं असणार. आणि हे दोघे शहाणे समजत राहिले की समोरचा मनातून तसा बरा आहे.

भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. पण काकू, मी तुमच्या घरची कुणी नाही. माझ्या घरी मी सासू आणि नवरा यांच्यामध्ये जन्मभर साखर पेरली, तिला मुंग्या लागल्या, दुसरं काही झालं नाही. मी जसंच्या तसं सांगत राहिले.

अबोला का, ते मुलाने सांगितलं. म्हाताऱ्याने डेपोत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, साहेबांना शब्द दिला होता. हा गेला नाही, लिफ्टच्या कामाला लागला. म्हातारा म्हणाला, पुन्हा माझ्याशी बोलू नकोस.

“मग नाही बोललो,” मुलगा म्हणाला. “मी आज्ञाधारक मुलगा आहे.”

“एवढ्याशावरून?”

“तेवढ्यावरून सुरू झालं. आता तेवढं नाहीये.” तो कप विसळत होता, विसळलेलाच कप परत विसळत होता. “आईला अचानक झालं. मी दुसऱ्या गावी, साइटवर होतो. ती दवाखान्यात होती, शुद्धीवर होती, सारखी मला विचारत होती. नर्सने नंतर सांगितलं मला. त्यांनी फोन केला नाही, ताई. शेजारच्यांनी केला, मी आलो तर तिला गुंडाळून ठेवलेलं.”

“का नाही केला?”

“आमच्यात निरोप आई द्यायची ना. तीच आडवी पडली तर कोण देणार?”

हे तो चिडून म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. सरळ म्हणाला, म्हणून माझ्या अंगावर काटा आला. मग मला कळलं की हा बापाचं पथ्य, औषधं, चादरी, सगळं वेळच्या वेळी का करतो. त्यात माया नव्हती. बघा, मी कसा करतो आणि तुम्ही कसं केलंत, हे तो रोज बापाच्या तोंडावर मारत होता, आणि बापाला ते पुरतं कळत होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, पण गळ्याला भोक राहील, श्वास तिथून, आणि बोलणं संपलं. तिथली नर्स चांगली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “घरच्यांना सांगा, जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. आवाज रेकॉर्ड करून ठेवतात बरेच लोक.”

मी ते घरी येऊन दोघांच्या मध्ये उभं राहून सांगितलं. मग मुलगा म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, मला एक वाक्य हवंय. आईच्या वेळी फोन केला नाही, ते चुकलं, एवढं. त्यांच्या तोंडून, माझ्याकडे बघून. बाकी त्यांनी आवाज कुठेही उधळावा.”

मी सांगितलं. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. “त्याला सांगा, आवाज काय त्याच्या बापाचा आहे?”

“काका,” मी म्हटलं, “त्याच्या बापाचाच आहे.”

मुलाने तोंड फिरवलं. हसला की काय केलं ते दिसलं नाही. म्हाताऱ्याने मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याची गाठ वाढवली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी ब्युरोच्या बाईंचा मला फोन आला. माझ्याविरुद्ध तक्रार होती. एक नाही, दोन. वडिलांनी फोनवरून केली, मुलाने लेखी पाठवली. दोघांचं म्हणणं तेच. बाई कामाला स्वच्छ आहे, पण इकडचं तिकडे करते, पदरचं घालून सांगते, घरात भांडणं लावते.

इतक्या वर्षांत बापलेकांचं कशावर एकमत झालं, तर माझ्यावर.

तळपायाची आग मस्तकात गेली. पदरचं? मी? एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. केला असता तर त्या घरात सणासुदीसारखं वातावरण असतं आणि मला बक्षीस मिळालं असतं. ब्युरोच्या बाई म्हणाल्या, पुन्हा अशी तक्रार आली तर नाव काढावं लागेल, घरात भांडणं लावणारी बाई कोण ठेवणार. मी दोघांना एकत्र उभं करून विचारलं, कुठला शब्द मी माझा घातला ते सांगा. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. मुलगा म्हणाला, “ताई, ते असं बोलणं शक्यच नाही. काही झालं तरी बाप आहे.” आणि म्हातारा म्हणाला, “त्याला सांगा, माझंही तेच म्हणणं आहे. तो माझा मुलगा आहे, इतकं घाण बोलणार नाही.”

म्हणजे एकमेकांवर अजूनही विश्वास होता साहेबांचा. खोटारडी कोण, तर मी. स्वतःच्या कानांनी ऐकत होते दोघे, एकाच खोलीत उभे राहून, तरी.

काम सोडून जावं असं मनात आलं. पण गेले असते तर तक्रार खरी ठरली असती. मी राहिले. पेशंटचं सगळं केलं, वेळेवर, हात न आखडता. त्या दोन माणसांचं मात्र काही केलं नाही. निरोप आला की मी आधी म्हणायची, “काकांचे शब्द आहेत, माझे नाहीत,” आणि मग सांगायची. दूधवाला दारात असला, शेजारीण आली असली, तरी त्यांच्यासमोर सांगायची. तोंड लपवायला जागा ठेवली नाही त्यांना.

म्हाताऱ्याने त्याचा सूड वेगळाच काढला. ऑपरेशनची तारीख ठरली तसा तो बोलत सुटला. मुलगा सोडून सगळ्यांशी. जुन्या कंडक्टरांना फोन, पेपरवाल्याशी राजकारण, माझ्याशी ड्रायव्हरांच्या लफड्यांच्या गोष्टी, गॅलरीतून खालच्या इस्त्रीवाल्याला हाका. गळा सोलून निघत होता, रक्ताची थुंकी पडत होती, डॉक्टरांनी गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, पण ऐकतोय कोण. एका रविवारी दुपारी मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता. म्हातारा उठला, भिंत धरून गॅलरीत गेला, कठड्याला टेकला आणि गाड्या पुकारायला लागला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कोणती उशिराने, कुठल्या प्रवाशांनी सामान सांभाळावं. तोच जुना आवाज, मधेच फाटणारा. रस्त्यावरची माणसं थांबली. एक बाई पोराला म्हणाली, “अरे, हे ते स्टँडवरचे.” कुणी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून वर बघितलं.

शेजारच्या खोलीचं दार बंद होतं. मला माहीत होतं की आत तो जागा आहे. अख्ख्या गल्लीला फुकट वाटलं जात होतं, आणि त्याच्या वाटणीचं एक वाक्य तेवढं अडकवून ठेवलं होतं. हे त्याला ऐकवण्यासाठीच चाललं होतं.

म्हातारा आत येऊन खुर्चीत पडला, घामाने निथळत. मी तोंड पुसलं त्याचं. “झालं समाधान?” मी विचारलं.

“तुम्हाला काय कळतं, बाई.”

“मला एवढं कळतं की तुम्ही पुरे हलकट आहात,” मी म्हटलं. “आणि हे मात्र माझ्या पदरचं आहे.”

तो हसायला गेला आणि खोकला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डात होतो. त्याला हिरवा गाऊन घातला होता, दात काढून डबीत ठेवले होते. दात नसलेलं ते तोंड बघून तो कुणीतरी वेगळाच वाटत होता. मुलगा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता, काचेतून दिसत होता.

“बाई, फोन घ्या माझा,” म्हातारा म्हणाला. “ते रेकॉर्डिंगचं लावा. मला ते बटण सापडत नाही.”

“तो बाहेर बसलाय, काका. बोलावते.”

“नको. लावा.”

मी लावलं. फोन त्याच्या तोंडासमोर धरला. पहिल्यांदा त्याने ‘सूचना’ असं म्हणून सुरुवात केली. खरंच केली, सवय कुठे जाते. स्वतःच चिडला, पुसा म्हणाला. दुसऱ्यांदा नुसता श्वास आला. तिसऱ्यांदा बोलला. खाली बघून, गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत बोलला.

“तुझी आई तुलाच विचारत होती. मी दवाखान्यातल्या फोनवरून तुला फोन लावला होता. माझ्याच हाताने लावला. तू उचललास. हॅलो म्हणालास. दोनदा म्हणालास, कोण आहे, कोण आहे. मला बोलता आलं नाही रे. एवढ्या गाड्या पुकारल्या आणि तुला एक हाक मारता आली नाही. मी ठेवला. माझं चुकलं.”

मी बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, इतके दिवस डोक्यात साठलेला राग एकदम जागा सोडून गेला. मी म्हटलं, “काका, हे आत्ता त्याला सांगा. दहा पावलांवर आहे तो. हेच, असंच.”

“मला आत नेलं की फोन द्या त्याला.”

“आवाज आहे तोवर सांगा. नंतर रडाल.”

“बाई,” तो म्हणाला, “ब्युरोला फोन करू का पुन्हा?”

असा होता माणूस. गेलेला राग पायऱ्या चढून परत आला. मी बाहेर गेले आणि मुलाला जसंच्या तसं सांगितलं, “काकांनी त्यांच्या फोनमध्ये बोलून ठेवलंय. मला आत नेलं की त्याला द्या म्हणाले.” काय बोलले ते मी सांगितलं नाही, कारण तो निरोप मला दिलेला नव्हता.

तो उठला आणि आत आला. पलंगाशी उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्यांना सरळ नजरेला नजर देताना पहिल्यांदाच पाहत होते. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. म्हाताऱ्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता.

“बाई,” तो म्हणाला, “त्याला सांगा, खाल्लंस का काही.”

मुलाचा चेहरा दगड झाला. “त्यांना सांगा,” तो म्हणाला, “मी समोर उभा आहे.”

मी दोन्हींतलं एकही सांगितलं नाही. स्ट्रेचर गेलं. तो आवाज परत कुणी ऐकला नाही.

ऑपरेशन नीट झालं. म्हातारा चिवट. गळ्याच्या खालच्या खळग्यात भोक, त्याच्यावर जाळीचं कापड, नाकात नळी, उशाशी पांढरी पाटी आणि मार्करचं पेन. श्वास घेतला की कापड आत जायचं, सोडला की बाहेर यायचं. आठवडाभर मुलगा रोज आला, औषधं आणली, चादर बदलायला मला हातभार लावला, बापाशी एक शब्द बोलला नाही. म्हाताऱ्याचा फोन त्याच्या खिशात होता, तो मी माझ्या हाताने दिला होता. मी एकदा विचारलं, “ऐकलंत?”

“नाही,” तो म्हणाला.

नाकातली नळी काढली त्या दिवशी दुपारी तो आला. खुर्ची ओढून बापाच्या तोंडासमोर बसला. आणि म्हणाला, “बाबा.”

म्हाताऱ्याने झटकन मान वळवली. मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“बाबा, आता मी बोलतो. तुम्ही ऐका. आता त्याला सांगा, त्यांना सांगा, ते संपलं.” शांत बोलत होता, लिफ्टचं मशीन कसं चालतं ते समजावून द्यावं तसं. “आई जाताना मला तुमच्या तोंडून एक फोन हवा होता. तो मिळाला नाही. त्या दिवशी तुम्हाला आत नेताना एक वाक्य हवं होतं. तेही नाही मिळालं. सगळ्या गल्लीला मिळालं. मला काय, तर डबा भरून ठेवलात, नंतर उघड म्हणून. मला डबा नको.”

त्याने फोन काढला, बापाच्या डोळ्यांसमोर धरला आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. बोट ठेवलं, फोनने विचारलं, नक्की का, तर हो केलं. स्क्रीन फिरवून रिकामी दाखवली.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. गळ्यावरचं कापड मात्र फडफडत होतं. डोळ्यांतून पाणी धो धो. तो रागावलेला नव्हता. तो हातवारे करत होता आणि ते हात माझ्याकडे होते. पाटी ओढली, वेडंवाकडं एकच लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. सांगा.

मुलाने पाटी बघितली, बापाकडे बघितलं. आता त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं होतं, आत काहीतरी पुचाट असेल, आशीर्वाद वगैरे, किंवा पुन्हा एखादा टोमणा. टोमणा पुसल्यावर माणूस असा रडत नाही.

“ताई,” तो म्हणाला, “काय होतं त्यात?”

मी खाली ठेवलेलं भांडं उचललं.

“ताई, तुम्ही ऐकलंत. तुम्हीच धरला होतात फोन. काय म्हणाले ते?”

म्हातारा पाटी हलवत होता. सांगा, सांगा. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडे होती. शब्द न शब्द पाठ होते मला, आजही आहेत. त्याने फोन उचलल्याचं, दोनदा कोण आहे म्हटल्याचं, सगळं. तो कुठला फोन होता ते मुलाला लगेच आठवलं असतं.

“मी कशी सांगणार, दादा,” मी म्हटलं. “मी तर पदरचं घालते.”

“ताई…”

“लेखी आहे तुमचं. काकांचं फोनवर आहे. दोघांचं एकमत आहे. मी आता काही सांगितलं तर उद्या म्हणाल, बाईने मनाने रचलं. ज्यात खरं होतं ते तुम्हीच पुसलंत, माझ्यासमोर.”

“माझी चूक झाली. तक्रार मागे घेतो. पाया पडतो तुमच्या.”

“नको.” मी म्हाताऱ्याकडे वळले. “काका, गळा गेलाय तुमचा, हात शाबूत आहे. पाटी आहे, पेन आहे. लिहा ना.”

त्याने पेन धरलं. पाटीवर टेकवलं. मुलगा त्या टोकाकडे बघत होता, मीही बघत होते. पेन तिथेच थरथरत राहिलं, एक ठिपका मोठा होत गेला, आणि म्हाताऱ्याने परत माझ्याकडे बघितलं. गॅलरीतून अख्ख्या गावाला गाड्या सांगणारा माणूस, पण समोरच्या माणसासाठी एक अक्षर उमटेना. जन्मभर कुणीतरी बाई मध्ये उभी लागायची त्याला.

मला दया आली का? आली. पण तिच्यापेक्षा राग मोठा होता, आणि मी रागाचं ऐकलं. यात मी त्यांच्या भल्याचं काही केलं असं कुणी समजू नये. त्यांनी आपलंआपण बोलावं, शिकावं, असलं काही माझ्या मनात नव्हतं. त्यांनी माझं तोंड वापरलं आणि वर त्याच तोंडाला खोटं ठरवलं. ते मी वसूल केलं.

जाण्याआधी माझं काम राहिलं होतं. मी हातमोजे घातले, म्हाताऱ्याच्या तोंडातली लाळ पुसली, गळ्यावरचं जाळीचं कापड ओलं झालं होतं ते काढून नवीन बांधलं, गाठ टोचणार नाही अशी बाजूला घेतली. तेव्हा त्याने माझं मनगट पकडलं. घट्ट पकडलं, इतकं बळ त्याच्यात असेल असं वाटलं नव्हतं. मुलगा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हाताऱ्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याचा हात चादरीवर ठेवला, आणि हात धुवायला गेले.